एक हुकूम, पाच पूल

संगणकावरील युद्धखेळात नवा छात्र बहुधा एकच चूक करतो. माऊसने सगळा ताफा निवडतो, नकाशावर दूरच्या ठिकाणी टिचकी मारतो आणि काम झाले असे समजतो. मोकळ्या माळावर हे खपून जाते. नद्यांच्या मुलखात खपत नाही.

उदाहरणाला तंजावरचा मुलूख घेऊ. तंजावरच्या उत्तरेस सुमारे १२ किलोमीटरवर तिरुवैयारू आहे. नावाचा अर्थच ‘पवित्र पाच नद्या’. वाटेत वडवारू, वेण्णारू, वेट्टारू, कुडमुरुट्टी आणि कावेरी लागतात, त्यापुढे कोळ्ळिडम. १६७७ साली शिवाजी महाराजांचा तळ कोळ्ळिडमच्या उत्तर तीरावर तिरुमळवाडीस होता, आणि व्यंकोजीराजांचे तंजावर या सर्व पाण्यांच्या दक्षिणेस. अशा ठिकाणी सैन्य हलवायचे तर आधी नदीचे उतार पाहावे लागत. आज पूल आहेत. पण पूल म्हणजेही अरुंद वाटच.

गट हलवण्याचे हुकूम साधारणपणे तीन प्रकारचे असतात.

१. मोकळी चाल : प्रत्येक वाहन आपल्या वेगाने, आपल्याला जवळच्या वाटेने जाते. वेगवान गाड्या आधी पोहोचतात आणि एकट्या सापडतात.

२. रचना राखून चाल : सर्वांत संथ वाहनाचा वेग सगळ्यांचा वेग ठरतो. रचना विस्कटली की आघाडी थांबून पिछाडीची वाट पाहते.

३. रांगेची चाल : पुढच्याच्या मागे मागचा.

आता हिशेब करू. ४० वाहने, प्रत्येकी ५० मीटर अंतर. म्हणजे ताफा सुमारे २ किलोमीटर लांब. रस्त्यावर वेग ताशी २० किलोमीटर, पुलावर १०. पुलाची लांबी हिशेबात धरू नका आणि दोन पुलांमध्ये ताफा मावतो असे समजा. पूल ओलांडताच वाहनांमधले अंतर ५० वरून १०० मीटर होते आणि ताफा ४ किलोमीटर लांबतो. पिछाडीला पुन्हा जुळायला ६ मिनिटे लागतात.

रचना राखण्याचा हुकूम दिला असेल, तर हा थांबा प्रत्येक पुलानंतर येतो : एकूण ३० मिनिटे. रांगेचा हुकूम दिला असेल, तर लांबलेला ताफा पुढचे चार पूल न खोळंबता ओलांडतो. कावेरीपलीकडे एकदाच ६ मिनिटे थांबले की पुरे. बारा किलोमीटरच्या ३६ मिनिटांच्या कुचीत हा २४ मिनिटांचा फरक आहे. शिवाय दोन नद्यांमध्ये अडकून उभा राहिलेला ताफा शत्रूच्या तोफांना आयता सापडतो.

म्हणून हे ध्यानात ठेवा :

– टेहळणीची वाहने वेगळ्या गटात पुढे पाठवा. पूल हाती असल्याची खात्री झाल्यावरच मुख्य ताफा हलवा.
– प्रत्येक पुलाच्या दोन्ही टोकांना मार्गबिंदू द्या. नाहीतर जवळची वाट शोधताना संगणक गाड्या भलत्याच पुलाकडे वळवील.
– नदीपट्ट्यात रांग, पलीकडे पोहोचल्यावर रचना.
– हुकूम देऊन नजर काढू नका. वाट संगणक शोधतो. जबाबदारी मात्र हुकूम देणाऱ्याचीच राहते.

स्वाध्याय : वेण्णारूवरील पूल तुटला आहे असे धरा. ताफा आधीच वडवारू ओलांडून गेला आहे. आघाडीला, मधल्या गटाला आणि पिछाडीला कोणते हुकूम द्याल, व कोणत्या क्रमाने? कारणांसह लिहा.