दूरशिक्षणातील 'दूर' कोणते?

दूरशिक्षणाचा विषय निघाला की आपण अंतर किलोमीटरमध्ये मोजतो. मायकेल मूर या शिक्षणशास्त्रज्ञांनी मात्र त्याला निराळे माप लावले. अभ्यासक्रमाची चौकट किती ताठर आहे आणि शिक्षक-विद्यार्थ्यांत संवाद किती होतो, यांवर खरे अंतर ठरते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. चौकट घट्ट आणि संवाद नाही, तर समोर बसलेला विद्यार्थीही दूरच. (शेवटच्या बाकावरील मित्रांना हे नव्याने सांगायला नको!)

मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद पडली आणि व्याख्याने मोबाइलवर आली. व्याख्याने आली, पण संवाद मागेच राहिला. 'कॅमेरा चालू ठेवा' असा दंडक घालताना, एकाच खोलीत आजी झोपली आहे, आई स्वयंपाक करते आहे आणि धाकट्या भावालाही तोच फोन हवा आहे, याचा विचार कितीजणांनी केला असेल?

मी स्वतः गेल्या वर्षी एक ऑनलाइन अभ्यासक्रम केला. चार स्वाध्याय पाठविले. प्रत्येक वेळी उत्तरादाखल फक्त आकडा आला : १० पैकी ६. उरलेले चार गुण कोठे गेले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

वस्तुतः या प्रश्नाचे उत्तर इंटरनेटपूर्वीच सापडले होते. इंग्लंडमधील मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये शिकविण्यास प्रारंभ केला. रेडिओ, दूरचित्रवाणी आणि छापील पाठ ही त्याची साधने होती. परंतु मला महत्त्वाची वाटते ती तेथील स्वाध्याय तपासण्याची पद्धत. प्रत्येक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक नेमून दिलेला असे. त्याने गुण देऊन भागत नसे. उत्तर कोठे घसरले, पुढे काय वाचावे, हे लिहावे लागे. इतकेच नव्हे, तर तपासलेल्या काही उत्तरपत्रिका विद्यापीठ पुन्हा पाहत असे आणि मार्गदर्शकाच्या शेऱ्यांचीच परीक्षा होत असे. शिक्षकाचा शेरा हेच तेथे अध्यापन मानले गेले.

स्वीडनचे बर्ये होल्मबेरी यांनी तर पाठाची भाषाच संभाषणासारखी असावी, असा आग्रह धरला. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झाले. म्हणजे हा अनुभव आपणांस परका नाही.

तेव्हा नव्या यंत्रणेची मागणी करण्यापूर्वी माझ्या अपेक्षा साध्या आहेत. व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण कमी डेटात उतरवून घेता यावे. मुदतीत चार दिवसांची सवलत कारण न विचारता मिळावी, कारण घरातील आजारपणाचा दाखला कोणी कोठून आणायचा? दोन आठवडे गप्प असलेल्या विद्यार्थ्याला कोणीतरी फोन करावा. आणि स्वाध्यायावर, आकड्याच्या शेजारी, निदान दोन ओळी असाव्यात. साठ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असेल तर हे जमेल; सहाशेंमागे एक असेल तर जमणार नाही, आणि तो दोष शिक्षकाचा नव्हे, नेमणुका न करणाऱ्यांचा.