अर्धशिशी कीं नागीण?

डोकें दुखूं लागलें म्हणजे आपल्याकडे सुंठ उगाळून कपाळास लेप देतात. सांगलीस आमच्या शेजारच्या एका आजीबाईंनीं असेंच केलें. ठणका उजव्या अर्ध्या कपाळांत. तेव्हां घरांत सर्वांनीं ती अर्धशिशी ठरविली. तिसऱ्या दिवशीं त्याच जागीं पाणीदार फोड उठले, आणि सर्व दोष बिचाऱ्या सुंठीवर आला!

वस्तुतः ती नागीण होती. लहानपणीं कांजिण्या येऊन गेल्या तरी त्यांचे विषाणु देहांतून समूळ जात नाहींत; मज्जातंतूंच्या मुळाशीं असलेल्या गाठींत ते वर्षानुवर्षें निद्रिस्त राहतात. वार्धक्यानें किंवा आजारानें प्रतिकारशक्ति क्षीण झाली कीं ते जागे होतात व मज्जातंतूच्या वाटेनें त्वचेकडे येतात. हें मत होप-सिम्प्सन या इंग्रज डॉक्टरानें १९६५ सालीं मांडलें, आणि पुढें तें खरें ठरलें. आधीं मज्जातंतु पेटतो, त्वचा मागाहून. म्हणून पुष्कळदां डोकेदुखी पुढें व फोड मागें असा क्रम लागतो. खऱ्या अर्धशिशींतही केस विंचरणें असह्य होतें, परंतु त्वचेवर फोड उठत नाहींत.

नागिणीचें तोंड व शेंपूट एकत्र आलें कीं मनुष्य दगावतो, असा समज आमच्या खेड्यांतून अद्याप आहे. एका मज्जातंतूची सत्ता शरीराच्या एकाच बाजूस चालते. त्यामुळें वेटोळें पुरें होण्याचा प्रसंग सहसा येतच नाहीं. खरें भय निराळेंच. कपाळ, पापणी व नाकाचा शेंडा यांस जाणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा डोळ्यासही पोहोंचतात. नाकाच्या शेंड्यावर फोड दिसला तर डोळ्यास धोका आहे असें समजून तत्काळ डॉक्टर गांठावा.

आजीबाईंचे दोन दिवस गेरूचा लेप देण्यांत गेले. मग नातीनें नाकावरचा फोड दाखविला, आणि त्यांस मिरजेस नेलें. डॉ. वानलेस यांनीं १८९४ सालीं तेथें रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून या भागांतील रोग्यांची ती वाट मळलेली आहे. ॲसायक्लोव्हीर हें औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आंत सुरू झाल्यास उत्तम. तें वेळेस मिळालें. नातवंडांपैकीं ज्यास कांजिण्या आल्या नव्हत्या त्यास डॉक्टरांनीं दूर ठेवण्यास सांगितलें, कारण फोडांतील पाण्यानें त्यास कांजिण्या होण्याचा संभव असतो.

आजीबाईंचा डोळा वाचला. कपाळ मात्र अजून गार वाऱ्याची झुळूक लागली तरी ठणकतें.