बंदर, बाजार आणि देवाची पायरी
विसाव्या शतकारंभीच्या रत्नागिरीतील व्यावसायिक व कारागीर : एक परिचय

रत्नागिरी परिसरातील देवस्थानांच्या दर्शनासाठी दरवर्षी असंख्य भाविक येतात. रत्नदुर्गावरील श्री भगवती, बारा वाड्यांचे ग्रामदैवत श्री देव भैरी, गणपतीपुळ्याचा स्वयंभू गणेश, पावस येथील स्वामी स्वरूपानंदांची समाधी आणि नगरातील पतितपावन मंदिर ही स्थाने सर्वपरिचित आहेत. दर्शनाबरोबर स्थानमाहात्म्यही जाणून घ्यावे, अशी आपली परंपरा आहे. मात्र माहात्म्य केवळ देवतेच्या प्रकटीकरणाच्या कथेत सामावलेले नसते. देवापुढे फुटणारा नारळ, समईत जळणारे तेल, गाभाऱ्याचा चिरा आणि शिखराचा चुना कोणाच्या हातून आला, हेही त्या माहात्म्याचेच अंग होय. या दृष्टीने प्रस्तुत लेखात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या रत्नागिरी बंदरातील उद्योगधंद्यांचा व ते चालविणाऱ्या लोकांचा परिचय करून दिला आहे.

आगबोटीचे गाव

त्या काळी रत्नागिरीस रेल्वे नव्हती. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला होण्यास १९९८ साल उजाडावे लागले. घाटमाथ्याशी संबंध होता तो आंबा घाटाच्या रस्त्याने. बैलगाड्यांतून कोल्हापूरकडील गूळ, तंबाखू व धान्य खाली उतरे आणि परतीच्या गाड्यांत मीठ, सुकी मासळी व नारळ वर चढे. परंतु नगराचा खरा दरवाजा समुद्राकडेच होता. मुंबईहून निघालेली आगबोट किनाऱ्यावरील बंदरे घेत घेत दक्षिणेस जाई. आगबोट धक्क्यास लागत नसे, ती खोल पाण्यात नांगर टाकी. उतारू आणि माल पडावांतून किनाऱ्यावर आणावा लागे. त्यामुळे एका आगबोटीच्या आगमनावर खलाशी, पडाववाले, हमाल, गाडीवान, खानावळवाले व दुकानदार अशा अनेकांची चूल पेटत असे.

प्रवासी वाहतुकीत बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचे वर्चस्व होते. स्वदेशीच्या भावनेतून निघालेल्या आणि लोकांनी ‘माझी आगबोट कंपनी’ असे आपुलकीचे नाव दिलेल्या कंपनीने तिच्याशी स्पर्धा केली. आपल्या बोटींना तिने संतांची नावे दिली, ही गोष्टही कोकणच्या उतारूंच्या मनाची ओळख पटविणारी आहे. हा प्रवास निर्धोक मात्र नव्हता. नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘जयंती’ व ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच वादळात बुडाल्या. समुद्रावर पोट असणाऱ्यांच्या घरी देवास नवस बोलला जाई, त्यामागे हे भय होते.

सागराचे पंचांग

बंदरातील व्यवहार पावसाळ्यावर अवलंबून असत. वैशाख सरताच गलबते व मचवे ओढून वर घेत आणि झावळ्यांनी शाकारून ठेवीत. आगबोटीही बंद होत. पुढील तीन-साडेतीन महिने खारवी, गाबीत व दालदी या दर्यावर्दी समाजांना समुद्रावरची मिळकत नसे. घरातील शिलकीवर किंवा वाण्याच्या उधारीवर दिवस काढावे लागत. या काळात सुतार गलबतांच्या फळ्या बदलीत, तर घरोघरी जाळी विणली जात. श्रावणातील नारळी पौर्णिमेस दर्यास नारळ अर्पण होई आणि त्यानंतर होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जात. हा सण देवाचा, तसाच तो बाजाराचाही नववर्षदिन होता. उधारीचा हिशोब, खलाशांची नेमणूक व नव्या जाळ्यांची खरेदी हे सारे या तिथीच्या आगेमागे होई.

माड आणि त्याचे आश्रित

माडास कोकणात कल्पवृक्ष म्हणतात. ते केवळ कौतुकाने नव्हे, कारण या एका झाडावर अनेक धंदे उभे होते. माडावर चढण्याचे व माडी काढण्याचे कौशल्य भंडारी समाजाकडे होते. नारळाची सोडणे खाडीच्या चिखलात कित्येक महिने कुजवून, बडवून त्यांचा काथ्या काढीत आणि त्यापासून सुंभ वळीत. हे काम बहुतांशी स्त्रियांच्या हातचे असे. तेली घाण्यावर खोबरे गाळून तेल काढी. देवळातील व घरातील दिव्यासाठी उंडीच्या बियांचे तेलही काढले जाई. त्यास कडू तेल म्हणत. गरीब मुले झाडाखाली पडलेल्या उंडीच्या बिया वेचून विकत आणि दोन पैसे मिळवीत.

या व्यवस्थेस दोन मोठे धक्के बसले. १८७८ च्या अबकारी कायद्याने माडीवरील कर व परवान्याची बंधने कडक केली आणि अनेक भंडारी कुटुंबांचा परंपरागत धंदा परवडेनासा झाला. दुसरीकडे आगबोटीने आलेल्या रॉकेलच्या डब्याने उंडीच्या तेलाचा दिवा हळूहळू विझवला. ज्या आगबोटीने व्यापार वाढविला, तिनेच काही घाणे बंद पाडले. परिणामी तरुणांनी मुंबईची वाट धरली.

चिरा, कौल आणि लाकूड

रत्नागिरीची भूमी जांभ्या दगडाची आहे. खाणीत हा दगड तुलनेने मऊ असतो आणि उघड्या हवेत तो कठीण होत जातो. त्यामुळे चिरे काढणारे खाणकामगार व गवंडी यांना येथे काम मिळत राहिले. शिंपल्या भाजून चुना तयार होई. कुंभार हाताने घडविलेली नळीची कौले पुरवीत. मंगळूर येथे बासेल मिशनने १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून मंगळुरी कौले गलबतांतून किनाऱ्यावरील बंदरांत येऊ लागली. ती हलकी, एकसारखी व टिकाऊ असल्याने वाडे, शाळा व देवळे यांवर चढली. कुंभाराच्या चाकावर पणत्या, मडकी व धूपाटणी तेवढी राहिली.

सुतारकामास येथे शासकीय औद्योगिक शाळेचाही आधार मिळाला. जातीने सुतार नसलेल्या मुलांनाही करवत व रंधा हाती धरण्याची संधी तेथे मिळू लागली.

या कारागिरांच्या हातांना एक अनपेक्षित आश्रयदाता लाभला. ब्रह्मदेशचे पदच्युत राजे थिबा यांस ब्रिटिशांनी १८८६ मध्ये रत्नागिरीस आणून ठेवले. १९१० मध्ये त्यांच्यासाठी बांधलेला राजवाडा पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये येथेच त्यांचे निधन झाले. तीस वर्षे एका राजकुटुंबाचा खर्च या छोट्या गावात होत राहिला. सोनार, शिंपी, वाणी, गवंडी व नोकरचाकर यांना त्यातून रोजगार मिळाला. परदेशी राजाचे दुर्दैव हे गावातील कारागिरांचे उपजीविकेचे साधन झाले, हा कालाचा विचित्र न्याय होय.

आंबा आणि मनीऑर्डर

पावसाळ्यापूर्वीचे दोन महिने हापूसचे असत. कलमांच्या बागा, राखणदार, झेल्याने आंबा उतरविणारे गडी, बुरुडांनी विणलेल्या करंड्या, भाताचा पेंढा, बंदरावरील दलाल आणि मुंबईचा आडत्या अशी ही साखळी होती. आगबोट चुकली तर माल किनाऱ्यावरच पिकून खराब होई. म्हणून आंब्याच्या बागाइतदारास आकाशाइतकेच बोटीच्या वेळापत्रकाकडे लक्ष ठेवावे लागे.

तथापि नगराचे सर्वांत मोठे उत्पन्न बागेत पिकत नव्हते, ते मुंबईच्या गिरण्यांत पिकत होते. १८८० मध्ये टपाल खात्याने मनीऑर्डरची सोय केली आणि चाकरमान्याची कमाई टपालवाल्याच्या हातून घरी येऊ लागली. वाण्याची उधारी, घराची शाकारणी, मुलीचे लग्न व देवाची पालखी यांस हाच पैसा लागे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा हजारो चाकरमानी गावी परतले आणि मनीऑर्डरींचा ओघ आटला. परमुलखातील मिळकतीवर उभ्या असलेल्या गावाचे दुबळेपण त्या वेळी प्रत्ययास आले. तरीही गणेशोत्सव व शिमगा या दोन सणांस गावी येण्याची चाकरमान्यांची निष्ठा ढळली नाही. कोकणातील अनेक देवळांचे जीर्णोद्धार या निष्ठेतूनच घडले आहेत.

पायरीचा प्रश्न

येथवर ज्या लोकांचा उल्लेख आला, त्यांपैकी प्रत्येकाचे श्रम देवापर्यंत पोहोचत होते. नारळ, तेल, पणती, चिरा, सुंभ, फूल, वाद्य यांविना पूजा होऊ शकत नव्हती. परंतु हे सारे देणाऱ्यांपैकी अनेकांना स्वतः गाभाऱ्यापर्यंत जाण्याची मुभा नव्हती. काहींना मंडपातून परतावे लागे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना तर पायरीशीच थांबावे लागे. त्यांनी वाजविलेला वाद्यांचा गजर देवाच्या कानी जात असे, पण ते स्वतः देवाच्या दृष्टीस पडू नयेत अशी रूढी होती. आपल्या इतिहासातील ही गोष्ट झाकून ठेवणे उचित नाही.

या प्रश्नास रत्नागिरीतील एका व्यावसायिकाने कृतीने उत्तर दिले. भागोजीशेठ कीर (१८६७–१९४१) हे भंडारी समाजातील. त्यांचे बालपण दारिद्र्यात गेले. लहानपणी उंडीच्या बिया विकून त्यांनी शिक्षणाचा खर्च भागविल्याचे सांगितले जाते. पुढे मुंबईस जाऊन त्यांनी सुतारकामाच्या हाताखालच्या कामापासून प्रारंभ केला आणि बांधकामाच्या व्यवसायात मोठे यश संपादन केले. दादर येथील शिवाजी पार्कजवळची हिंदू स्मशानभूमी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. रत्नागिरीस त्यांनी किल्ल्याच्या परिसरात श्री भागेश्वराचे मंदिर उभारले.

त्या काळात स्वातंत्र्यवीर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते (१९२४–१९३७). सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत समान प्रवेश असलेले मंदिर असावे, या त्यांच्या विचारास भागोजीशेठ यांनी द्रव्याचे व कर्तृत्वाचे बळ दिले. १० मार्च १९२९ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि २२ फेब्रुवारी १९३१ रोजी पतितपावन मंदिरात श्री लक्ष्मीनारायणाची प्रतिष्ठापना झाली. रूढीप्रिय मंडळींचा विरोध तीव्र होता. ज्या व्यापाऱ्याचा चरितार्थ लोकसंपर्कावर चालतो, त्याने जनमताविरुद्ध उभे राहणे हे साधे धाडस नव्हे.

बाजारपेठेतही हा विचार उतरला. १९३३ मध्ये नगरात अखिल हिंदू उपहारगृह निघाले. तेथे चहा व फराळाचे पदार्थ देण्यासाठी पूर्वास्पृश्य समाजातील व्यक्तीची नेमणूक करण्यात आली. देवळाची पायरी जशी खुली व्हावयास हवी होती, तशीच दुकानाचीही. जेथे रोजचा व्यवहार होतो, तेथे समता आली तरच देवळातील समता टिकते, हा त्यामागील विचार होता.

भाविकांनी अवश्य पाहावे

दर्शनार्थींनी रत्नदुर्गावर श्री भगवती व श्री भागेश्वर यांचे दर्शन घेतल्यावर दीपगृहाजवळून बंदराकडे दृष्टी टाकावी. आगबोटींचा काळ आता सरला आहे, परंतु मासेमारी नौकांची वर्दळ आजही आहे. थिबा राजवाड्यातील लाकूडकाम कारागिरांच्या कौशल्याची साक्ष देते. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रास भेट दिल्यास माडाविषयी उपयुक्त माहिती मिळते. पतितपावन मंदिरात गेल्यावर क्षणभर पायरीवर थांबावे. ही पायरी ओलांडता येणे ही एके काळी किती मोठी गोष्ट होती, याचे स्मरण करूनच आत जावे.

समारोप

देवस्थानांच्या देणगीदारांची नावे संगमरवरी फलकांवर कोरलेली असतात आणि ते योग्यच आहे. त्या औदार्याविना मंदिरे उभी राहत नाहीत. परंतु काथ्या कुटणाऱ्या स्त्रीचे, चिरा घडविणाऱ्या गवंड्याचे, घाण्याच्या तेल्याचे, पडाव वल्हविणाऱ्या खारव्याचे आणि देवासाठी वाद्य वाजवून पायरीशीच थांबणाऱ्या बांधवाचे नाव कोणत्याही फलकावर नाही. त्यांचे दान द्रव्याचे नव्हते, श्रमाचे होते आणि ते प्रत्यही घडत होते. भागोजीशेठ यांचे मोठेपण असे की, धनिक झाल्यावरही आपण याच लोकांतून आलो हे ते विसरले नाहीत, आणि दान करताना केवळ मंदिर नव्हे तर मंदिराचे दार दिले.

आपण आज दानपेटीत द्रव्य अर्पण करतो, अन्नदानास साहाय्य करतो, जीर्णोद्धारास हातभार लावतो. ते करताना बाहेर फुले विकणारी मावशी, ओझे वाहणारा हमाल, प्रसादाची पाने लावणारा गडी यांच्याशीही सौजन्याने वागावे आणि त्यांच्या श्रमाचे मोल न घासाघीस करता द्यावे. तोही या क्षेत्रीच्या पूजेचाच भाग आहे. श्रींच्या कृपेने सर्व भाविकांची यात्रा सुफल होवो, हीच प्रार्थना.