मैदानावरचे धडे आणि दुकानातला व्यवहार

महोत्सवी अंकासाठी काही उपयुक्त लिहून द्यावे, असा ट्रस्टच्या चालकांचा निरोप आला, तेव्हा आम्हांस प्रथम संकोच वाटला. आम्ही पेशाने शिक्षक. तागडी आमच्या हाती कधी आली नाही. आली ती शिट्टी आणि खडू. परंतु आपल्या सभासदांपैकी कित्येकांची घरे दुकानावर, टेंपोवर, शिवणयंत्रावर चालतात, आणि त्यांचीच मुले संध्याकाळी आमच्यापाशी कबड्डी व खो-खो खेळतात. दुकानात बाप जी चूक करतो, तीच पुष्कळदा मैदानावर मुलगा करतो. फरक इतकाच, की मैदानावर ती पाच मिनिटांत उघडी पडते. दुकानात उघडी पडायला वीस वर्षे लागतात. म्हणून हा पाठ.

पहिला धडा : शिवणे म्हणजे गुण नव्हे

कबड्डीत दोन्ही बाजूंस सात-सात गडी असतात. चढाईला एकटाच जातो, त्याला ३० सेकंदांची मुदत असते आणि तेवढा वेळ दम टिकवावा लागतो. त्याने पलीकडच्या दोघांना शिवले म्हणून गुण मिळत नाहीत. तो मध्यरेषेला परत पोहोचला तरच ते गुण त्याचे. तिकडेच पकडला गेला, तर शिवलेले व्यर्थ आणि स्वतः बाद.

उधारीचे गणित अगदी असेच आहे. माल गेला म्हणजे विक्री झाली, असे समजून आपली मुले वही भरून टाकतात. पण पैसा मध्यरेषा ओलांडून गल्ल्यात आला नाही, तोवर ती नुसती शिवाशिवी आहे. खेळातला दम म्हणजे व्यापारातले भांडवल. परतीपुरता दम राखून जो पुढे जातो, तोच चढाईपटू टिकतो.

मात्र याची दुसरी बाजूही आहे. कोणालाही न शिवता आणि निदानरेषाही न ओलांडता जो परत येतो, तोही बादच ठरतो. म्हणजे साहसच न करणाऱ्याला खेळात क्षमा नाही. शेजाऱ्याने नवा माल ठेवला, ऑनलाइन पैसे घेण्याची सोय केली, तरी आपण आजोबांच्या वेळचीच मांडणी धरून बसलो, तर कोणी न पकडताही आपण बाद होतो.

दुसरा धडा : बसलेला गडी उठविणे

कबड्डीचा जो नियम आम्हांस सर्वांत थोर वाटतो, तो असा. बाद झालेला गडी बाहेर बसतो, पण संघातून जात नाही. सोबत्यांनी प्रतिपक्षाचा एक गडी बाद केला, की आपला एक आत येतो. आणि जो आधी बाद झाला, तो आधी उठतो. येथे गुणवान कोण, लाडका कोण, हा प्रश्नच नाही.

आपल्या घरांतून काय चालते? एका भावाचा धंदा बुडाला, की जेवणाच्या पंगतीत त्याला रोज त्याचा पाढा ऐकावा लागतो. दोन वर्षांत तो गाव सोडून पुण्या-मुंबईस जातो, आणि घराचा एक गडी कायमचा उणा होतो. सहा गड्यांनी खेळणारा संघ फार काळ टिकत नाही, हे लहान पोरालाही ठाऊक असते.

एकमेकांना उठवीत चालणारा धंदा पाहायचा असेल, तर मुंबईच्या लिज्जत पापडाचा इतिहास पाहावा. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. कबड्डीच्या संघातही सातच! पहिल्या दिवशी झाली चार पाकिटे. तोटा आला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. तेथे काम करणारी प्रत्येक जण ‘बहीण’ म्हणविते आणि धंद्याची मालकही असते; नफा-नुकसान सर्वांचे. त्या सातांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पण एकटीच्या चढाईने हे झाले नाही. साखळी तुटली नाही म्हणून झाले.

तिसरा धडा : खो वेळेवर द्यावा

खो-खोत आठ गडी पाटीवर आळीपाळीने उलटसुलट तोंडे करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला मागे वळता येत नाही. धावणारा पाटी ओलांडून पलीकडे गेला, की कितीही चपळ पाठलाग करणारा असो, त्याचा उपयोग संपला. त्या बाजूस तोंड करून बसलेल्या सोबत्याला मागून, स्पष्ट आवाजात खो द्यावा, आणि आपण त्याच्या जागी बसावे. खो मिळण्याआधी उठणे ही चूक; पण खो न देणे ही त्याहून मोठी चूक, कारण ती पंचाला दिसत नाही.

मुंबईचे डबेवाले हेच करतात. १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी ही पद्धत सुरू केली, असे सांगतात. घरून उचललेला डबा कचेरीत पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातो. झाकणावरची रंगीत खूण व अक्षरे पाहून पुढचा गडी तो ओळखतो. मागच्याला विचारावे लागत नाही. धंद्याचे ज्ञान एकाच्या डोक्यात न राहता खुणेत उतरले, हे त्यांचे खरे भांडवल.

हे आम्हांस पुस्तकातून कळले नाही. आमचे अब्बा, बडे अब्बा आणि धाकटे चाचा यांचे मिळून बांगड्यांचे दुकान होते. बडे अब्बा विलक्षण हुशार. सोलापूरच्या कोणत्या व्यापाऱ्याकडून काय भावाने माल घ्यावा, कोणाकडे किती उधारी, हे सारे त्यांच्या तोंडी. अब्बांनी एकदा वही मागितली, तर म्हणाले, “मी आहे ना.” एका रात्री त्यांची वाचा गेली. जो एवढे बोलत असे, तो डोळ्यांनी काही सांगू पाही, आणि आम्हां कोणाला ते कळत नसे. वर्षभरात दुकानाला कुलूप लागले. अब्बा आणि चाचा नालायक नव्हते. ते जन्मभर पाटीवर बसून होते. त्यांना खो मिळालाच नाही.

खेळ आणि व्यापार यांतला भेद

खेळात एकाला हरावेच लागते. व्यापारात तसे नाही. गिऱ्हाईक हा प्रतिपक्ष नव्हे, आणि शेजारचा दुकानदारही नव्हे. आपल्या गाणगापूरची पेठ यात्रेकरूंच्या पावलांवर चालते. पौर्णिमेला, दत्तजयंतीला माणसे लांबून येतात, भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करतात, मठात पादुकांचे दर्शन घेतात, आणि मग प्रसाद, नारळ, बांगड्या घेतात. एका दुकानाने त्यांना फसविले, तर घरी जाऊन ते दुकानाचे नाव सांगत नाहीत, गावाचे सांगतात. म्हणून येथे अख्खी पेठ हाच एक संघ आहे. एकाच्या चुकीचा भुर्दंड सर्वांना पडतो.

वाचकहो, पाठ संपला, की प्रश्न विचारण्याची आमची सवय आहे. रात्री जेवण आटोपल्यावर घरातल्या सर्वांनी, बायकामुलांसह, हे चार प्रश्न एकमेकांस विचारावेत :

१. आपली उधारी किती, आणि ती बुडाली तर परतीचा दम उरेल काय?
२. गेल्या वर्षात आपण निदानरेषा एकदा तरी ओलांडली काय?
३. आपल्या घरचा कोणता गडी बाहेर बसला आहे, आणि त्याला उठविण्यासाठी आपण काय केले?
४. कर्त्या माणसाची वाचा उद्या गेली, तर दुकान परवा उघडेल काय?

चौथ्या प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असे आले, तर उद्या सकाळी दोन रुपयांची पेन्सिल आणि एक वही आणावी. आमच्या घरी ती वेळेवर आली नाही. तुमच्या घरी यावी, एवढ्यासाठीच हे लिहिले.