जिओलाइट आणि गॅलियम : एका उत्प्रेरकाचा अभ्यास

दख्खनच्या काळ्या पाषाणात विहीर खोदताना कधी कधी पोकळीतून पांढरे वा गुलाबी स्फटिक निघतात. त्यांपैकी स्टिल्बाइट व ह्यूलँडाइट हे जिओलाइट होत. १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असा दगड तापविला, तेव्हा तो उकळल्यासारखा फसफसला. त्यावरूनच ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे ग्रीक नाव पडले. आतील पाणी वाफ होऊन जाते, सांगाडा मात्र टिकतो, हे त्याचे मर्म. रसायन-उद्योगास एकसारखी छिद्रे हवी असल्याने तेथे बहुधा कृत्रिम जिओलाइट वापरतात. आपण त्यांपैकी झेडएसएम-५ या एकाचाच विचार करू.

याची छिद्रे सुमारे ०.५५ नॅनोमीटर रुंद, म्हणजे बेंझीनचा रेणू जेमतेम मावेल एवढी. सांगाड्यात चार संयुजेच्या सिलिकॉनच्या जागी तीन संयुजेचे अ‍ॅल्युमिनियम बसले की तेथे ऋण प्रभार उरतो. तो प्रोटॉन तोलतो आणि तीव्र आम्लस्थान तयार होते. (पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. पॉल रत्नसामी व सहकाऱ्यांनी याच वर्गातील ‘एन्सिलाइट’ उत्प्रेरक घडवून कारखान्यापर्यंत नेले. आमच्या विद्यार्थ्यांना हे नाव ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.)

आता प्रश्न असा : स्वयंपाकाच्या गॅसमधील प्रोपेनपासून बेंझीन करता येईल काय? हिशेब सोपा आहे. प्रोपेनच्या दोन रेणूंतून बेंझीनचा एक व हायड्रोजनचे पाच रेणू मिळावेत. ८८ ग्रॅम प्रोपेनमधून ७८ ग्रॅम बेंझीन. परंतु नुसत्या आम्लस्थानांवर हा हिशेब कोलमडतो. प्रोपेन तुटून मिथेन होतो. शिवाय कडे तयार होताना सुटणारा हायड्रोजन शेजारच्या लहान रेणूंना चिकटतो व त्यांना पुन्हा निष्क्रिय वायू करून टाकतो. मौल्यवान कार्बन अशा रीतीने इंधनाच्या भावाने जातो.

गॅलियम येथे उपयोगी पडतो. तो हायड्रोजनच्या अणूंची जोडी जुळवून त्यांना वायुरूपात बाहेर पडण्याची वाट देतो. प्रोपेनचे प्रोपीन होते, पुढे रेणू जोडून कडे करण्याचे काम आम्लस्थाने करतात. बीपी व यूओपी यांची ‘सायक्लार’ प्रक्रिया याच जोडीवर उभी आहे. तिच्यातून बेंझीन, टोल्युइन व झायलीन मिळतात. प्रत्यक्ष उत्पादन कागदावरील हिशेबापेक्षा कमीच भरते, कारण काही मिथेन-इथेन होतोच.

धातू घालण्याची कृती साधी : गॅलियम नायट्रेटच्या द्रावणात जिओलाइट भिजवावा, वाळवावा, मग सुमारे ५५० अंश सेल्सिअसला भाजावा. कौशल्य प्रमाणात आहे. धातू कमी पडला तर हायड्रोजन अडतो. अधिक झाला तर छिद्रे बुजतात, आम्लस्थाने झाकली जातात. विशेष म्हणजे प्रारंभी बराचसा गॅलियम ऑक्साइडरूपाने स्फटिकाच्या बाहेरच असतो. हायड्रोजनमध्ये तापविल्यावर त्याचे क्षपण होते आणि तो छिद्रांत शिरून प्रोटॉनच्या जागी बसतो.

वापरात छिद्रांवर काजळी साचते. ती हवेत जाळून उत्प्रेरक पुन्हा कामास लावतात. मात्र त्या ज्वलनात होणारी वाफ सांगाड्यातील अ‍ॅल्युमिनियम हळूहळू उपटून काढते, आणि गेलेले आम्लस्थान केवळ भाजून परत येत नाही.