साधे दही की चवीचे?

दही कोणाला ठाऊक नाही? दुधाला विरजण लावावे, रात्रभर झाकून ठेवावे, की सकाळी दही तयार. ते स्वच्छ फडक्यात बांधून खुंटीला टांगले, की त्यातले पाणी ठिबकत ठिबकत निघून जाते आणि घट्ट चक्का उरतो. आपल्या घरच्या बायकांना हे शिकवायला नको. पाडव्याला, दसऱ्याला याच चक्क्यात साखर घालून श्रीखंड करतात.

हल्ली तालुक्याच्या गावी मोठ्या दुकानात फ्रीजमध्ये लहान लहान डबे मांडलेले दिसतात. त्यांवर 'ग्रीक योगर्ट' असे इंग्रजीत लिहिलेले असते. योगर्ट म्हणजे दही. ग्रीक म्हणजे ग्रीस देशाचे. ग्रीस हा युरोपच्या दक्षिणेला समुद्रकाठी वसलेला देश आहे. सिकंदर बादशहाचे नाव आपण ऐकले आहे. तो त्याच मुलखातला. तिकडे लोक दही फडक्यात बांधून त्यातले पाणी गाळून टाकीत आणि घट्ट झालेले दही खात. त्या दह्याला त्यांच्या भाषेत 'स्ट्रागिस्तो' म्हणतात. म्हणजे गाळलेले. तिकडचे विरजण थोडे निराळे असते. पण रीत पाहिली तर हा आपला चक्काच की! आता कारखान्यात फडक्याऐवजी यंत्राने पाणी काढतात. काही कारखानदार तर पाणी काढीतच नाहीत. दुधाची पावडर घालून दही घट्ट करतात.

ही वस्तू वाईट आहे काय? मुळीच नाही. चांगली आहे. पाणी निघून गेल्यामुळे तिच्यात प्रथिने पुष्कळ राहतात. प्रथिने म्हणजे अंगात मांस धरणारा, झीज भरून काढणारा अन्नातला भाग. साध्या दह्याच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. चांगल्या गाळलेल्या दह्यात ती ८ ते १० ग्रॅमपर्यंत जातात. वाटीभर खाल्ले तर पोटाला आधार राहतो.

मग घोटाळा कोठे आहे? घोटाळा चवीत आहे. दुकानात हे दही दोन तऱ्हेचे मिळते. एक साधे. दुसरे चवीचे: आंब्याचे, स्ट्रॉबेरीचे, व्हॅनिलाचे. ज्याला साखर जपून खायची आहे, त्याने या दोहोंतला फरक ओळखलाच पाहिजे. अशी माणसे आज थोडीथोडकी नाहीत. सन २०२३ मध्ये एका मोठ्या सरकारी पाहणीचा अहवाल छापून आला. आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, असा त्यात अंदाज दिला आहे. आपल्या आळीत विचारून पाहा. दर चार-पाच घरांमागे एखादा माणूस निघतोच.

आता दह्यात साखर येते कोठून, ते पाहू. दुधात मुळातच एक साखर असते. तिला दुग्धशर्करा म्हणतात. १०० ग्रॅम दुधात ती सुमारे ५ ग्रॅम असते. ती फारशी गोड लागत नाही, म्हणून आपल्या ध्यानात येत नाही. विरजणात डोळ्यांना न दिसणारे बारीक जिवाणू असतात. ते या साखरेचा काही भाग खाऊन टाकतात व तिचे आम्ल करतात. दही आंबट लागते ते याचमुळे. मग दही टांगले, की उरलेल्या साखरेचा आणखी काही भाग पाण्याबरोबर गळून जातो. म्हणून साध्या गाळलेल्या दह्याच्या १०० ग्रॅममध्ये ३ ते ४ ग्रॅमच साखर राहते. ही साखर दुधाची. कोणी वरून घातलेली नव्हे.

चवीच्या दह्याचे तसे नाही. आंबट दह्याला आंब्याची चव द्यायची, तर साखर घालावी लागते. नुसत्या फळाच्या गराने भागत नाही. त्या गरातही बहुधा साखर आधीच मिसळलेली असते. म्हणून चवीच्या १०० ग्रॅम दह्यात सगळी मिळून १० ते १४ ग्रॅम साखर सहज असते.

आमच्या रात्रीच्या वर्गात एक आप्पा येतात. वय सत्तरीचे. तालुक्याच्या डॉक्टरांनी त्यांना गोड बंद करायला सांगितले. माणूस मोठा निश्चयाचा. चहा फिका केला, गूळ सोडला, सणाची पुरणपोळीसुद्धा बाजूला सारली. पण मुलगा पुण्याहून आला तो आंब्याच्या दह्याचे सहा डबे घेऊन आला. आप्पा रोज दोन डबे खाऊ लागले. म्हणत, "दहीच तर आहे. दह्यात कसली आलीय साखर?" त्यांची सूनही आमच्याच वर्गात येते. तिला अक्षरे येऊन अजून वर्ष झालेले नाही. पण हुशार बाई. एके दिवशी ती डबाच वर्गात घेऊन आली. आम्ही तिला आकडे वाचायला सांगितले.

"गुरुजी, साखरेच्या ओळीत १४ लिहिलंय."

"आणि तिच्या खालच्या ओळीत?"

"१०."

"वरची ओळ सगळ्या साखरेची. खालची ओळ वरून घातलेल्या साखरेची. चौदातून दहा गेले, राहिले चार. ती दुधाची आणि फळाची. आता सांग, १० ग्रॅम म्हणजे चहाचे किती चमचे?"

एक सपाट चमचा म्हणजे ५ ग्रॅम धरायचा, हे वर्गात आधी झाले होते. तिने बोटे मोडली. "दोन चमचे."

आप्पा मागे बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे दोन डब्यांत चार चमचे? अन् मी इकडं फिका चहा पितोय!"

सून हळूच म्हणाली, "मामंजी, चहातनं काढली ती डब्यातनं आत आली."

वर्ग पुष्कळ हसला. आप्पाही हसले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी डबे बंद केले.

हे वाचन कसे करायचे, ते नीट सांगतो. कारण डब्यावर बहुधा इंग्रजीच असते. आकड्यांची भीती नको. मोबाईलवर आपण जे आकडे दाबतो, तेच डब्यावर असतात. तरी अडले तर नवी ५०० ची नोट काढा. तिच्यावर इंग्रजी आणि देवनागरी असे दोन्ही आकडे छापलेले आहेत. १००, ५०, २०, १० च्या नव्या नोटांवरही आहेत. या नोटा शेजारी शेजारी ठेवल्या, तर सरकारने आपल्याला फुकट अंकलिपीच दिली आहे.

आता शब्द. इंग्रजीत 'शुगर्स' हा शब्द सहा अक्षरांचा आहे. त्याचे पहिले अक्षर वेटोळे घातलेल्या सापासारखे दिसते. शेवटचे अक्षरही तोच साप. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून 'टोटल शुगर्स' आणि 'ॲडेड शुगर्स' हे दोन शब्द एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहून घ्या. टोटल म्हणजे एकूण. ॲडेड म्हणजे वरून घातलेली. चिठ्ठी खिशात, बटव्यात ठेवा आणि दुकानात डब्यावरच्या अक्षरांशी ताडून पाहा. या दोन्ही ओळी छापाव्यात असा आपल्याकडे सन २०२० चा नियम आहे. त्या डब्याच्या मागच्या अंगाला, बारीक अक्षरांत, चौकटीत सापडतात. चष्मा घरी विसरू नका.

दोन ठिकाणी माणूस फसतो. एक म्हणजे टिंब. १०.५ असे लिहिले असेल, तर ते एकशे पाच नव्हे. ते साडेदहा. टिंबाच्या अलीकडचे ते पूर्ण ग्रॅम. दुसरे म्हणजे माप. चौकटीतला आकडा बहुधा १०० ग्रॅमचा असतो. डबा मात्र कधी ८५ ग्रॅमचा, कधी ४०० ग्रॅमचा. चौकटीत १२ वाचले आणि ४०० ग्रॅमचा डबा संपवला, तर पोटात १२ नव्हे, ४८ ग्रॅम साखर गेली.

चौकटीशेजारी डब्यात काय काय घातले त्याची यादी असते. तिचाही एक नियम आहे. जी वस्तू वजनाने सर्वांत जास्त ती पहिली, मग तिच्याहून कमी ती दुसरी. दुधाच्या पाठोपाठ लगेच साखरेचे नाव आले, तर समजावे की साखर पुष्कळ आहे. सिरप, ग्लुकोज, हनी म्हणजे मध, जॅगरी म्हणजे गूळ, ही सगळी साखरेचीच भावंडे. पुष्कळांची समजूत अशी, की गूळ आणि मध मधुमेहाला चालतात. ही समजूत चुकीची आहे. रक्तातली साखर त्यांनीही चढते.

डब्याच्या झाकणावर जाऊ नये. झाकणावर 'ग्रीक' लिहिले म्हणून साखर कमी होत नाही. 'लो फॅट' म्हणजे चरबी कमी. साखरेविषयी त्यात काहीच सांगितलेले नाही. व्हॅनिलाचे दही तर दिसायला साध्या दह्यासारखे पांढरेशुभ्र असते, आणि असते गोड. मिष्टी दोई हे बंगाली पद्धतीचे दहीही गोडच. झाकणावर प्लेन म्हणजे साधे लिहिले असेल, तरी मागची ओळ पाहावी. वरून घातलेल्या साखरेपुढे शून्य असेल तर ते साधे खरे.

कोणी विचारील, दिवसाला साखर खावी तरी किती? जागतिक आरोग्य संघटनेने सन २०१५ मध्ये सांगितले, की वरून घातलेली साखर, मध व फळांच्या रसातली साखर धरून मोठ्या माणसाने शक्य तर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहावे. म्हणजे आपल्या मापाने ५ चमचे. आपल्याकडे दिवसाला चार कप चहा होतो, प्रत्येकात दोन चमचे. झाले आठ! तेव्हा ज्याला आजार नाही त्यानेही हिशोब करून पाहायला हरकत नाही. मधुमेहाच्या माणसाने मात्र आपल्या डॉक्टरांनी सांगितले तेच माप धरावे.

श्रीखंडाचेही सांगायला हवे, नाहीतर आम्ही बाजारच्या डब्यालाच तेवढी नावे ठेवतो असे होईल. किलोभर चक्क्याला किलोभर साखर, अशी पुष्कळ घरी रीत आहे. म्हणजे १०० ग्रॅमच्या वाटीत ५० ग्रॅम साखर. दहा चमचे! पाडव्याला चाखावे. निरोगी माणसाने पोटभर खावे. पण ते दही म्हणून खाऊ नये, पक्वान्न म्हणून खावे.

आमचे मत असे, की दही साधेच आणावे किंवा घरीच करावे, आणि त्यात काय घालायचे ते आपल्या हाताने घालावे. ग्रीसमधले लोकही साधे दही घेऊन वरून मध आणि अक्रोड घालून खातात. मध गोडच, पण चमचा त्यांच्या हातात असतो. कारखान्याने घातलेली साखर आपल्याला काढता येत नाही. आपण अर्धा चमचा घातली, तर अर्धाच चमचा जाते.

घरी करायचे ते असे. दही ताजे घ्यावे. शिळे, आंबट दही घेऊ नये. धुतलेल्या पांढऱ्या पातळ फडक्यात बांधावे, चार-पाच तास टांगावे, खाली पातेले ठेवावे. उन्हाळ्यात दिवसा टांगू नये, लवकर आंबते. फ्रीज असेल तर चाळणीवर फडके पसरून आत ठेवले तरी चालते. १ लिटर दुधाचा साधारण ३०० ते ४०० ग्रॅम चक्का निघतो. म्हशीच्या दुधाचा जास्त, गाईच्या दुधाचा कमी. गळलेले पाणी फेकू नका. कढीला वापरा, कणीक त्यात भिजवा.

आप्पांना साधा चक्का पहिल्या दिवशी आवडला नाही. तोंड वाकडे केले. मग सुनेने त्यात काकडी किसून घातली, भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली, किंचित मीठ टाकले. भाकरीबरोबर वाटी संपली. कधी ती वरून दोन चमचे डाळिंबाचे दाणे घालते. तेवढ्याने गोडीही येते आणि साखरही फार जात नाही. रक्तदाब असेल त्याने मीठ मात्र बेताने घ्यावे.

दही हे औषध नव्हे. साधे दही खातो म्हणून कोणी गोळ्या सोडू नयेत. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर इतकी प्रथिने खावीत की नाही हे डॉक्टरांना विचारावे. आणखी एक. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर कधी एकदम उतरते. हातपाय कापतात, दरदरून घाम येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या वेळी साधे दही उपयोगाचे नाही. माणूस शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल, तर लगेच ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी आणि डॉक्टरांना बोलवावे. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालू नये; तडक दवाखाना गाठावा.

आता पाटी घ्या आणि हे हिशोब करा.

चवीच्या दह्याचा एक डबा २०० ग्रॅमचा आहे. १०० ग्रॅममध्ये वरून घातलेली साखर १० ग्रॅम लिहिली आहे. सगळा डबा खाल्ला, तर चहाचे किती चमचे साखर पोटात गेली?

घरच्या २०० ग्रॅम चक्क्यात एक चमचा साखर घातली. डब्यापेक्षा वरची साखर किती ग्रॅम कमी गेली?

तुमच्या गावात आज दुधाचा जो भाव असेल तो धरून, १०० ग्रॅम घरचा चक्का कितीला पडतो ते काढा. बाजारचा १०० ग्रॅमचा डबा कितीला मिळतो, तेही दुकानात विचारून या. दोन्ही आकडे पाटीवर शेजारी शेजारी लिहा.