जमीन संपते तिथे

भारताचा नकाशा भिंतीवर टांगा आणि वरून खाली बोट फिरवीत या. देश निमुळता होत जातो. बोट जिथे थांबते ते गाव कन्याकुमारी. पुढे नुसते पाणी. दक्षिणेकडे तोंड करून उभे राहिलात, तर डावीकडे बंगालचा उपसागर, उजवीकडे अरबी समुद्र आणि समोर हिंदी महासागर.

आपल्या कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, पण उगवतो तो डोंगरामागून. कन्याकुमारीला तो पाण्यातून वर येतो आणि पाण्यातच मावळतो. पण केव्हाही गेले तर हे दिसत नाही, बरे का! सूर्य उन्हाळ्यात उत्तरेला सरकतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. त्या दिवसांत तिथे मावळतीला जमीन आड येते. थंडीत तो दक्षिणेला कलतो आणि मग दोन्ही वेळा समोर पाणीच. म्हणून दसरा झाल्यावर आणि शिमग्याच्या आत जावे. पौर्णिमा साधली तर फारच छान. सूर्य बुडतो न बुडतो, तोच दुसऱ्या बाजूने चंद्र वर येतो.

काठावरची वाळू हातात घेऊन बघा. कुठे ती तांबडी, कुठे काळी. लोक सांगतात, इथल्या देवीचे शंकराशी लग्न ठरले होते. मुहूर्त टळला, लग्न राहिले आणि तांदूळ तसेच पडून त्यांची वाळू झाली. गोष्ट गोड आहे. पण तांबडे कण आहेत गार्नेट नावाच्या खनिजाचे आणि काळे इल्मेनाइटचे. डोंगरातले खडक झिजले, नद्यांनी त्यांचा चुरा समुद्रात आणला. लाटांनी तो सुपात पाखडावा तसा पाखडला. हलके वाहून गेले, जड मागे राहिले. देवीचे देऊळ काठावरच आहे. आत जाताना पुरुषांनी सदरा काढावा लागतो.

समुद्रात दोन खडक आहेत. स्वामी विवेकानंद 1892 साली पोहत एका खडकावर गेले आणि ध्यानाला बसले. तिथले स्मारक 1970 साली झाले. त्यासाठी झटलेले एकनाथ रानडे आपल्या अमरावती जिल्ह्यातले. दुसऱ्या खडकावर तमिळ कवी तिरुवळ्ळुवर यांचा 133 फूट उंच पुतळा आहे. त्यांच्या ग्रंथाचे अध्याय 133, म्हणून उंचीही तेवढीच. 2024 साली दोन्ही खडकांमध्ये काचेचा पूल झाला. पायांखाली लाटा दिसतात. ज्याला गरगरते त्याने खाली पाहू नये. खडकावर जायला बोट मिळते, पण समुद्र खवळला की ती बंद ठेवतात. मग हुज्जत घालू नये.

समुद्राची थट्टा करू नये, असे मी का म्हणतो? 26 डिसेंबर 2004 रोजी सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी मोठा भूकंप झाला. त्याच्या लाटा इथवर आल्या. प्रवासी खडकावर अडकून पडले. याच जिल्ह्यातल्या कोळ्यांच्या वस्त्यांत शेकडो माणसे गेली. अशी लाट येण्याआधी पुष्कळदा समुद्र एकदम मागे हटतो, तळ उघडा पडतो. माणसे कौतुकाने बघत राहतात, पोरे शंख वेचायला धावतात. कुठल्याही किनाऱ्यावर असे दिसले तर शंख, चपला, पिशवी सगळे टाकावे, पोराला उचलावे आणि उंच जागी पळावे. पहिली लाट ओसरली म्हणून खाली येऊ नये. मागून दुसरी येते आणि ती मोठीही असू शकते.